हँक ॲरन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (क्रिकेटवाल्यांना पडणाऱ्या शंकांसह)

अटलांटात भारतातून पाहुणे आले की मत्स्यालय, कोकाकोलाचं संग्रहालय आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर असा ठरलेला फेरा होतो. मी त्यात एका पार्किंगची भर घालतो. गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत कुंपणाचा एक तुकडा उभा आहे आणि मी त्याच्यापुढे भाविकासारखा थांबतो, हे पाहून पाहुण्यांची आधी करमणूक होते. मग हँक ॲरनबद्दल प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न ऐकतोय, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हँक ॲरन म्हणजे नक्की कोण?

अमेरिकन बेसबॉलपटू. जन्म ५ फेब्रुवारी १९३४, अलाबामा राज्यातल्या मोबील या बंदराच्या गावी. १९५४ ते १९७६ अशी २३ वर्षं तो सर्वोच्च पातळीवर खेळला आणि त्याने ७५५ होम रन मारले. बेब रूथचा ७१४ होम रनचा विक्रम अमेरिकेत जवळजवळ देवघरात ठेवलेला होता. तो ॲरनने १९७४ मध्ये मोडला. ॲरन कृष्णवर्णीय होता आणि रूथ गोरा. पुढचं बरंचसं या एका वाक्यातून निघतं.

होम रन म्हणजे आपला सिक्सरच ना?

दिसायला तसाच. पण सिक्सर मारायला तुम्हाला मैदानाच्या चारी दिशा मोकळ्या असतात. बेसबॉलमध्ये समोरचा नव्वद अंशांचा काटकोन तेवढा चालतो. त्याच्या बाहेर चेंडू कितीही लांब गेला तरी तो फाउल. बॅट गोल, चेंडूही गोल. चेंडू टप्पा न पडता थेट अंगावर येतो, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि शेवटच्या क्षणी वळतो किंवा खाली पडतो. एका सामन्यात बॅटरला जेमतेम चार-पाच वेळा संधी मिळते. ॲरन आला तेव्हा हंगामात १५४ सामने असत, नंतर १६२ झाले. एवढ्या सामन्यांत तीस होम रन मारणारा माणूस तगडा समजतात. ॲरनने तीस किंवा त्याहून जास्त होम रन पंधरा हंगामांत मारले.

धावा किती मिळतात हेही विचारतात. बेसवर (मैदानातल्या चार थांब्यांवर; चौथा म्हणजे घर, होम प्लेट) जितके सहकारी उभे असतील ते सगळे घरी येतात, शिवाय मारणारा स्वतः. म्हणजे एक ते चार.

आणि आउटफिल्डर?

सीमेजवळचे तीन क्षेत्ररक्षक: लेफ्ट, सेंटर, राइट. ॲरन मुख्यतः राइट फील्डला उभा राहायचा. तिथून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक सगळ्यात लांब, म्हणून तिथे खांदा भक्कम लागतो. १९५८ ते १९६० अशी सलग तीन वर्षं त्याला उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळाला. होम रनच्या गोंगाटात ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही.

तो शिकला कुठे? अकादमी वगैरे?

कसली अकादमी! वडील हर्बर्ट गोदीत मजुरी करायचे, आई एस्टेला. चेंडू परवडत नसे, म्हणून पोरगा झाडूच्या दांड्याने बाटल्यांची बुचं टोलवायचा. आपल्याकडे वाड्यात धोपाटण्याने खेळलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण बुचाचा मार्ग कसा वेडावाकडा असतो ते आठवा, म्हणजे पुढे वळणाऱ्या चेंडूवर त्याची नजर एवढी पक्की कशी बसली ते कळेल.

बॅट तो उलटी धरायचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात दांड्याच्या टोकाशी असतो आणि उजवा त्याच्या वर. ॲरनचे हात बरोबर उलटे असत. कुणी शिकवलंच नव्हतं तर चुकलं म्हणणार कोण? व्यावसायिक बेसबॉलमध्ये आल्यावर ही सवय सुटली.

मोबील हे गावही काही साधं नाही. सॅचेल पेज, विली मकोव्ही, बिली विल्यम्स, ऑझी स्मिथ हे हॉल ऑफ फेममधले (बेसबॉलच्या थोरांच्या दालनातले) खेळाडू इथे किंवा अगदी लगत जन्मले. एका मध्यम आकाराच्या गावाने एवढे दिले म्हटल्यावर माझ्यासारख्याला दादर-शिवाजी पार्क आठवणारच. १९४८ मध्ये जॅकी रॉबिन्सन मोबीलला आला होता. मेजर लीगमधला (म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा) रंगभेदाचा अडसर त्याने आदल्याच वर्षी मोडला होता. चौदा वर्षांचा हेन्री शाळेला दांडी मारून त्याचं बोलणं ऐकायला गेला.

नीग्रो लीगमध्ये तो खेळला होता का?

हो, कृष्णवर्णीयांच्या या वेगळ्या लीगमध्ये अगदी थोडे महिने. १९५२ मध्ये ‘इंडियानापोलिस क्लाउन्स’ या संघाकडून, महिना दोनशे डॉलरवर. रॉबिन्सनमुळे मेजर लीगची दारं किलकिली झाल्यावर चांगले कृष्णवर्णीय खेळाडू तिकडे जाऊ लागले आणि या लीग ओस पडत चालल्या. ॲरन त्या पडत्या काळातला. संघाचं घर म्हणजे एक बस. त्यातच झोप, त्यातच प्रवास.

त्या काळातली एक आठवण त्याने पुढे सांगितली आहे. वॉशिंग्टनमध्ये पावसामुळे खोळंबलेल्या संघाने एका हॉटेलात नाश्ता केला. खाऊन झाल्यावर आतून ताटल्या फोडल्याचा आवाज आला. कृष्णवर्णीयांनी ज्यात खाल्लं त्या ताटल्या पुन्हा गोऱ्यांपुढे मांडायच्या नव्हत्या. त्याने पुढे जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा, की कुत्री जेवली असती तर ताटल्या धुऊन घेतल्या असत्या.

हे ऐकून मराठी माणसाला दलित समाजातले थोर गोलंदाज पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्यात त्यांची गोलंदाजी हवी असायची, पण त्यांचा चहा पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. फोडायला सोपं.

अलीकडे नीग्रो लीगच्या आकड्यांना मेजर लीगचा दर्जा मिळाला, मग ॲरनचे होम रन वाढले का, असंही एकाने विचारलं होतं. नाही. ती मान्यता १९२० ते १९४८ या काळापुरती आहे.

मग ब्रेव्ह्ज संघात कसा आला?

पन्नास डॉलरमुळे. न्यू यॉर्क जायंट्सचंही बोलावणं आलं होतं, पण ब्रेव्ह्जने महिन्याला पन्नास डॉलर जास्त देऊ केले. विली मेज हा गाजलेला खेळाडू जायंट्सकडे होता. ॲरन पुढे गमतीने म्हणायचा की मी आणि मेज एका संघात खेळलो नाही ते तेवढ्या पन्नास डॉलरपायी. ब्रेव्ह्जने क्लाउन्सना त्याच्यासाठी दहा हजार डॉलर मोजले. तेव्हा ब्रेव्ह्ज बॉस्टनचे होते, १९५३ मध्ये ते मिलवॉकीला गेले आणि १९६६ मध्ये अटलांटाला. अमेरिकेत संघ असे बिऱ्हाड बदलतात, त्यावर पाहुणे नेहमी थक्क होतात.

आधी विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअर या गावी एक हंगाम झाला. मग १९५३ मध्ये फ्लॉरिडातलं जॅक्सनव्हिल. तिथल्या साउथ अटलांटिक लीगमध्ये तोवर एकही कृष्णवर्णीय खेळला नव्हता. त्या वर्षी जे पाच जण पहिल्यांदा आले, त्यांत ॲरन एक. दक्षिणेतल्या गावागावांत शिव्या खायच्या, सामना संपला की गोरे सहकारी हॉटेलात आणि हे कुणाच्या तरी घरी. अशा हंगामात एकोणीस वर्षांच्या पोराने ०.३६२ च्या सरासरीने फलंदाजी केली आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

(सरासरीचं कोडं: बेसबॉलमध्ये ती हिट (फटका मारून बेस गाठणं) भागिले संधी अशी मोजतात. दहात तीनदा हिट मिळवणारा उत्तम. म्हणजे दहात सातदा अपयशी होणारा माणूस इथे थोर ठरतो. क्रिकेटमध्ये एकदा बाद झालं की दिवस संपला, इथे लगेच विसरून पुढच्या वेळी उभं राहावं लागतं.)

मेजर लीगमध्ये पदार्पण झोकात झालं असेल ना?

पाचपैकी शून्य. १३ एप्रिल १९५४, सिनसिनाटी. जागासुद्धा दुसऱ्याचा घोटा मोडला म्हणून मिळाली होती. बॉबी थॉमसन सरावात जायबंदी झाला आणि वीस वर्षांच्या ॲरनला लेफ्ट फील्डला उभं केलं. दहा दिवसांनी सेंट लुइसमध्ये व्हिक रास्चीच्या चेंडूवर पहिला होम रन आला. त्या हंगामात एकूण तेरा. सप्टेंबरमध्ये त्याचाही घोटा मोडला.

फोटोत तर साधाच दिसतो. एवढी ताकद कुठून आली?

सहा फूट उंची, वजन ऐंशी-पंच्याऐंशी किलो. रूथसारखं पोट नाही, आजच्या खेळाडूंसारखे दंड नाहीत. सगळं मनगटात. चेंडू जवळजवळ यष्टिरक्षकाच्या हातात पोचेपर्यंत तो थांबायचा आणि मग मनगटाचा एक झटका. पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) वाटे आपण फसवला याला, तोवर चेंडू कुंपणापलीकडे. बेसबॉलचे शिक्षक मागच्या पायावर वजन ठेवायला सांगतात. ॲरनचं वजन पुढच्या पायावर यायचं. तिकडे हा दोष मानतात. आपल्याला मात्र फ्रंट फूटवर येऊन मनगट फिरवणारा बॅट्समन पाहून घरच्यासारखं वाटतं.

आणि अभ्यास. डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) बसून तो टोपी तोंडावर ओढून घ्यायचा. लोकांना वाटे डुलकी काढतोय. टोपीला हवेसाठी बारीक भोकं असतात, त्यातल्या एका भोकातून तो फक्त पिचरकडे बघत असायचा. बाकी मैदान नजरेआड. हा पिचर अडचणीत कोणता चेंडू टाकतो, हे हेरून तो त्या चेंडूची वाट बघत बसे. २३ वर्षांत एकाही हंगामात त्याचे शंभर स्ट्राइकआउट (तीन चेंडू हुकून बाद होणं) झाले नाहीत. आजचे होम रनवाले दीडशे-दोनशे सहज करतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

त्याचं सर्वोत्तम वर्ष कोणतं?

मी १९५७ म्हणतो. ४४ होम रन, १३२ आरबीआय (म्हणजे त्याच्या फटक्यांवर घरी आलेल्या धावा), ०.३२२ सरासरी आणि नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू हा मान. २३ सप्टेंबरला मिलवॉकीत सेंट लुइसविरुद्ध सामना बरोबरीत अडकला होता. अकराव्या इनिंगमध्ये ॲरनने सेंटर फील्डच्या कुंपणावरून चेंडू मारला आणि ब्रेव्ह्ज लीगचे विजेते झाले. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचललं. त्याच दिवशी आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलबाहेर नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत शिरू देऊ नये म्हणून गोऱ्यांचा जमाव धुमाकूळ घालत होता. एक देश, एक तारीख.

पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, न्यू यॉर्क यांकीजविरुद्ध सात सामन्यांत तीन होम रन आणि ०.३९३ सरासरी. ब्रेव्ह्ज जिंकले. ते त्याचं एकमेव जगज्जेतेपद.

म्हणजे तो होम रनचाच खेळाडू?

इथेच मला चेव चढतो. ॲरनने एकाही हंगामात पन्नास होम रन मारले नाहीत. सर्वाधिक ४७, तेही १९७१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. रूथ, मँटल, मेज, बाँड्स या सगळ्यांनी पन्नासचा टप्पा कधी ना कधी ओलांडला, याने नाही. मग ७५५ झाले कसे? सलग वीस हंगाम वीस किंवा जास्त. आठ हंगाम चाळीस किंवा जास्त. नोकरीवर जाणाऱ्या माणसासारखा रोज डबा घेऊन निघाला आणि काम करून परत आला, वर्षानुवर्षं.

त्याच्या एकूण हिट ३,७७१. त्यातून सगळे ७५५ होम रन वजा करा. उरतात ३,०१६. तीन हजार हिट झाल्या की खेळाडू अमर होतो असं मानतात. म्हणजे एकही होम रन न मारता हा माणूस तिथे पोचला असता. १९६३ मध्ये ४४ होम रन मारले आणि ३१ बेस चोरले (फटक्याशिवाय पळून पुढचा बेस गाठला). १९५६ आणि १९५९ मध्ये लीगमधली सर्वोच्च सरासरी त्याची. आरबीआय २,२९७, हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

माझा आवडता आकडा मात्र टोटल बेसेसचा: ६,८५६. फटका मारून एकूण किती बेस कमावले याची ती बेरीज. आजवर त्याच्या जवळपासही कुणी गेलेलं नाही, दुसऱ्या क्रमांकाचा आल्बर्ट पुहोल्स सहाशेहून अधिक बेस मागे राहिला. दोन बेसमधलं अंतर नव्वद फूट. गुणाकार करून बघा, १८८ किलोमीटर होतात. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा आहे. ॲरन आपल्या फटक्यांच्या जोरावर पुणे स्टेशनच्या सिग्नलपर्यंत धावत आला असं समजा.

४४ या आकड्याची काय भानगड आहे?

पहिल्या वर्षी पाठीवर ५ होता. त्याला दोन आकडी नंबर हवा होता. संघाची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या डॉन डेव्हिडसनने म्हणे थट्टा केली, तुझ्या हाडकुळ्या पाठीला दोन आकडे पेलतील का? मग ४४ मिळाला. पुढे चार हंगामांत (१९५७, १९६३, १९६६, १९६९) त्याने बरोबर ४४ होम रन मारले. मोबीलच्याच विली मकोव्हीने त्याच्या आदरापोटी ४४ घेतला. ७१५ वा होम रन ज्या पिचरच्या चेंडूवर आला, त्या अल डाउनिंगच्या पाठीवरही ४४ होते. अंकज्योतिषवाल्यांनी पुढचं बघावं.

‘हँक’ हे नावसुद्धा डेव्हिडसननेच वापरात आणलं. घरचे आणि जवळचे लोक त्याला शेवटपर्यंत हेन्रीच म्हणत.

विली मेज, मिकी मँटल यांची नावं ऐकलेली असतात. याचं तेवढं का नाही?

ते न्यू यॉर्कमध्ये खेळले, हा मिलवॉकीत. वर्तमानपत्रं न्यू यॉर्कमध्ये छापली जात. मेजची टोपी धावताना उडायची, लोक टाळ्या पिटायचे. ॲरनची टोपी डोक्यावरच राहायची. चेंडू त्याच्याकडेही पोचायचे, तो झेलायचाही, पण काहीतरी विलक्षण घडतंय असं बघणाऱ्याला वाटायचं नाही. १९७० च्या सुमारास लोकांनी आकडेमोड केली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, अरे, रूथच्या मागे हा उभा आहे.

विक्रम मोडताना त्याला धमक्या आल्या, हे खरं की नंतर रंगवून सांगितलेलं?

खरं. १९७३ चा हंगाम ७१३ वर संपला, विक्रमाला एक कमी. वय एकोणचाळीस, त्या वर्षी ४० होम रन. पुढचे सहा महिने हिवाळा. त्या वर्षी त्याला सुमारे ९ लाख ३० हजार पत्रं आली. बरीच कौतुकाची होती. पण जी नव्हती, त्यांत ‘रूथच्या पुढे गेलास तर गोळी घालू’ अशा आशयाची भरपूर. कोणत्या गावच्या सामन्यात, कोणत्या दिवशी, हेही काही जण कळवायचे. मुलगी नॅशव्हिलमध्ये कॉलेजात होती, तिला पळवून नेण्याची धमकी आली. एफबीआय तपासाला लागली. अंगरक्षक म्हणून अटलांटा पोलिसांतला कॅल्विन वॉर्डलॉ सोबत असायचा, दुर्बिणीच्या पिशवीत पिस्तूल ठेवून. परगावी संघ एका हॉटेलात आणि ॲरन दुसऱ्या हॉटेलात, खोट्या नावाने. अटलांटातल्या एका दैनिकाने त्याचा मृत्युलेख आधीच लिहून तयार ठेवला होता, न जाणो.

गावसकरने १९८३ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांना मागे टाकलं तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले, ऑस्ट्रेलियातून कुणी त्याला मारायची पत्रं लिहिली नाहीत. पाहुण्यांना मी एवढंच सांगतो, फरक लगेच कळतो.

या पत्रांची बातमी फुटल्यावर देशभरातून पाठिंब्याची पत्रं आली. रूथच्या विधवा पत्नी क्लेअर रूथ यांनीही ॲरनची बाजू घेतली. पण त्याने ती घाणेरडी पत्रं टाकून दिली नाहीत. जन्मभर जपून ठेवली. त्या काळात बेसबॉलमधला आनंद गेला, असं तो पुढेही सांगत राहिला. मला त्याच्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे जास्त लागतं: आयुष्यात सगळ्यात वर पोचल्याचे ते महिने आणि ते नकोसे.

७१४ वा कुठे आला?

४ एप्रिल १९७४, सिनसिनाटी, हंगामातला पहिला सामना, त्याच्या बॅटचा पहिला फटका. जॅक बिलिंगहॅमचा चेंडू. ब्रेव्ह्जना खरं तर त्याला तिथे बसवून ठेवायचं होतं, म्हणजे विक्रम घरच्या मैदानावर होईल आणि तिकिटं खपतील. बेसबॉल आयुक्त बोवी कून यांनी फर्मान काढलं की तीनपैकी दोन सामने तरी त्याने खेळलेच पाहिजेत.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ४ एप्रिल हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचा दिवस, सहा वर्षं झाली होती. सामन्याआधी एक मिनिट स्तब्धता पाळावी, अशी ॲरनने विनंती केली होती. ती मान्य झाली नाही.

आणि ती प्रसिद्ध रात्र?

८ एप्रिल १९७४, अटलांटा. ५३,७७५ प्रेक्षक. जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर हजर. बोवी कून मात्र क्लीव्हलंडला दुसऱ्या कार्यक्रमाला गेलेले. ज्याने सामने खेळण्याची सक्ती केली तोच विक्रमाच्या वेळी गैरहजर! हे ॲरनला फार लागलं आणि मलाही पन्नास वर्षांनंतर त्याचा राग येतो.

पहिल्या वेळी पाहुण्या डॉजर्स संघाच्या अल डाउनिंगने त्याला चार वाइड चेंडूंवर चालत पहिल्या बेसवर जाऊ दिलं. चौथ्या इनिंगला तो परत आला. रात्रीचे नऊ वाजून सात मिनिटं. बॅट फिरली, चेंडू डाव्या बाजूला उंच गेला. बिल बकनर कुंपणावर चढू पाहत होता. चेंडू पलीकडे ब्रेव्ह्जच्याच राखीव पिचरांच्या घोळक्यात पडला आणि टॉम हाउसने तो झेलला.

ॲरन नेहमीसारखा, मान खाली, बेतशीर धावत होता. दुसऱ्या बेसनंतर दोन गोरे पोरगे प्रेक्षकांतून उड्या मारून त्याच्याजवळ आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारत सोबत धावू लागले. आज ती चित्रफीत पाहताना गंमत वाटते. वॉर्डलॉच्या हाताशी पिस्तूल होतं. त्या दोन सेकंदांत त्याला ठरवायचं होतं, आणि त्याने ते बाहेर काढलं नाही.

होम प्लेटवर आई पोचली आणि तिने त्याला असं कवटाळलं की सुटेना. बघणाऱ्यांना ते आनंदाने मारलेली मिठी वाटली. त्याला मारायचं असेल तर आधी मला मारा, असं त्या मिठीचं खरं स्वरूप होतं, असं पुढे घरच्यांनी सांगितलं.

पाऊस भुरभुरत होता. छोटा सत्कार झाला. हे संपलं, देवाचे आभार, असं काहीसं तो बोलला. सामना ब्रेव्ह्ज ७-४ ने जिंकले, पण तोवर अर्धे प्रेक्षक घरी गेले होते.

रूथपेक्षा ॲरन मोठा का?

रूथने ७१४ होम रन सुमारे ८,४०० संधींत मारले, ॲरनला १२,३६४ लागल्या. रूथवाले हे पहिल्या दमात सांगतात आणि ते खरं आहे. पण रूथच्या काळात निम्मे चांगले पिचर रंगामुळे मैदानाबाहेर होते, रात्रीचे सामने नव्हते आणि देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमानप्रवास नव्हता. तुलना करून वाद घालायचा असेल तर रविवारी दुपारी या, चहा मी देतो.

जपानमध्येही काहीतरी झालं होतं ना?

नोव्हेंबर १९७४ मध्ये टोकियोत जपानच्या सादाहारू ओ याच्याशी होम रनची जुगलबंदी झाली. ॲरनने १०-९ ने जिंकली. दोघांची मैत्री टिकली आणि पुढे त्यांनी मुलांच्या जागतिक बेसबॉल मेळाव्यासाठी मिळून काम केलं.

शेवटचा होम रन?

२० जुलै १९७६, मिलवॉकी. ब्रेव्ह्जने १९७४ नंतर त्याला मिलवॉकी ब्रुअर्सकडे दिलं होतं. अमेरिकन लीगमध्ये पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा खेळाडू ठेवायची मुभा होती, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या पायांना आराम. डिक ड्रॅगोच्या चेंडूवर ७५५ वा. तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण विक्रम आता बॅरी बाँड्सचा आहे ना?

हो, ७६२. ७ ऑगस्ट २००७ ला त्याने ७५६ वा मारला. उत्तेजक औषधांच्या संशयाचं सावट त्याच्यावर होतं आणि आहे. ॲरन मैदानावर गेला नाही, पण पडद्यावर त्याचा ध्वनिचित्रित संदेश दाखवला गेला. शांत, सभ्य, अभिनंदनाचा. त्यात एक टोमणासुद्धा सापडत नाही. मी शोधला आहे.

हॉल ऑफ फेममध्ये एकमताने गेला असेल?

१९८२ मध्ये ४१५ पैकी ४०६ मतं. नऊ पत्रकारांना तो योग्य वाटला नाही. त्या नऊ जणांशी मला बोलायचं होतं.

निवृत्तीनंतर?

ब्रेव्ह्जच्या कार्यालयात तरुण खेळाडू घडवण्याची जबाबदारी. कृष्णवर्णीयांना संघाच्या वरच्या पदांवर जवळजवळ कुणी घेत नसे अशा काळात. त्यावर तो जन्मभर बोलत राहिला. अटलांटा परिसरात मोटारींची विक्री केंद्रं काढली. पत्नी बिली यांच्यासोबत गरजू मुलांच्या शिक्षणासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं. २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं.

करोनाची लस घेतल्यामुळे गेला, असं व्हॉट्सॲपवर आलं होतं.

आलं होतं, मलाही. ५ जानेवारी २०२१ ला कृष्णवर्णीय समाजातली भीती जावी म्हणून त्याने अटलांटात जाहीरपणे लस घेतली. २२ जानेवारीला झोपेत तो वारला, वय ८६. मृत्यू नैसर्गिक कारणांनी झाला, लसीशी संबंध दिसत नाही, असं तिथल्या वैद्यकीय परीक्षकांनी सांगितलं. तो निरोप पुढे पाठवू नका.

अटलांटात बघण्यासारखं काय आहे?

ब्रेव्ह्ज आता शहराबाहेर ट्रुइस्ट पार्कमध्ये खेळतात. तिथे ॲरनचा पुतळा आहे, आणि त्या मैदानाचा पत्ता ७५५, बॅटरी ॲव्हेन्यू असा मुद्दाम ठेवला आहे. फोटो काढायला छान.

जुनं मैदान १९९७ मध्ये सुरुंग लावून पाडलं आणि तिथे गाड्या लावायची जागा केली. जिथे ७१५ वा होम रन कुंपणापलीकडे गेला, तेवढा कुंपणाचा तुकडा उभा ठेवला आहे, वर आकडा लिहून. बाजूने रस्ता जातो, हँक ॲरन ड्राइव्ह. पाहुण्यांना मी होम प्लेट होती त्या बाजूला उभं करतो आणि कुंपणाकडे बोट दाखवतो. एकदा माझ्या मावशीचे यजमान, आयुष्यभर कांगा लीग बघितलेले, तिथून पावलं मोजत निघाले. मध्ये लावलेल्या गाड्यांना वळसे घालत, पुटपुटत. कुंपणाशी पोचल्यावर वळून मला ओरडून विचारलं, “आणि चेंडू टप्पा न पडता आला होता म्हणतोस?”